‘कळवतो’ म्हंजी नाय

आमच्या ह्यांना, म्हणजे साहेबरावांना, जग जेवढं बोलतं त्यापेक्षा जास्त ऐकू येतं. शेंद्र्याच्या कंपनीत मशीनपाशी उभं राहून कान अर्धे गेलेत म्हणतात, पण कुणी न बोललेलं बरोबर ऐकतात. भाऊबंदात कुणाच्या पोरीला बघायला पाव्हणे यायचे असले की पहिलं बोलावणं आमच्या पडेगावच्या घरी. हे तिथं जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणार, तोंडातून ब्र काढणार नाहीत, आणि पाव्हण्यांची गाडी वळली रे वळली की निकाल देणार. पोहे दुसऱ्यांदा घेतले, म्हणजे पसंत. मुलाची आई स्वयंपाकघरात डोकावली, लई पसंत. बांगडीचं नाय तर ब्लाउजचं माप विचारलं, तर सुपारी फुटलीच समजा. आणि जाताना ‘कळवतो’ म्हणाले, तर विषय संपला. ‘कळवतो’ म्हणून गेलेल्या माणसानं कधी कळवलंय? तोंडावर नाय म्हणायची आपल्यात रीत नाय, म्हणून हा शब्द ठेवलाय.

शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! पण ह्यांचा भात कधी कच्चा निघाला नाय, हेही खरं.

आता आमची श्रेया. बी.एस्सी. झाली आणि हिनं डोक्यात घेतलं की फॉरेन्सिकचं शिकायचं. म्हणजे गुन्हा झाला की बोटांचे ठसे, रक्ताचे डाग तपासायचे. कॉलेज पुण्याचं, मुलाखत घेऊन प्रवेश देणारं. नेमकं त्याच वेळी वैजापूरच्या नानासाहेबांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. माणसं चांगली, कांद्याची आडत, नावं ठेवायला जागा नाय. मग बापलेकीचा सौदा ठरला: प्रवेश मिळाला तर पुणं, नाय मिळाला तर वैजापूर. पोरगी हसत व्हय म्हणाली. मला मात्र ती पुण्यालाच जायला हवी होती. मला बघायला आले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ह्या माणसानं तीनदा पोहे घेतले आणि माझं कॉलेज तिथंच संपलं.

मुलाखतीला हे सोबत गेले आणि तोंड पाडून परत आले.

“संपलं,” चपला काढता काढताच म्हणाले. “त्या मुलाखत घेणाऱ्या बाई काय म्हणाल्या म्हाईतेय, रूपा? ‘कळवू’!”

“अहो, कॉलेज हाय ते. तिथं खरंच कळवतात.”

“आणि नुसतं पाणी दिलं. चहासुदिक नाय.”

“पप्पा,” श्रेया म्हणाली, “मी प्रवेश मागायला गेले होते, मला बघायला नव्हते आले ते!”

पण ऐकतील तर ते साहेबराव कसले! त्यांनी परस्पर नानासाहेबांना फोन लावला. “रविवारी या, बोलून टाकू.” यादी सोमवारी लागणार होती. एक दिवस दम निघाला नाय माणसाला! त्या रात्री भाकरी करपली. मी ती तशीच वाढली, आणि त्यांनी मुकाट खाल्ली.

गुरुवारी कॉलेजातून फोन आला. श्रेया अंघोळीला गेलेली, म्हणून ह्यांनी उचलला. “व्हय मॅडम... व्हय... मीडियम, मीडियम.” फोन ठेवला आणि नाचायचंच तेवढं बाकी ठेवलं.

“रूपा! एप्रनचं माप मागितलं!”

“मग?”

“मग काय? माप मागितलं म्हंजी सुपारी फुटली!”

मी काही बोलायच्या आत स्कूटर गुलमंडीच्या वाटेला लागली. पेढ्यांचा मोठा डबा घेऊन आले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! तोवर श्रेया वेणी घालत बाहेर आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात हवा काढली. “पप्पा, अर्ज भरलेल्या सगळ्यांनाच विचारतायत. माझ्या मैत्रिणीला पण आला फोन, आणि ती वेटिंगवर जाणार असं तिलाच वाटतंय. ह्याला पुरावा नाय म्हणत.”

हे डबा मांडीवर घेऊन खाली बसले. “मग ह्याचं काय करू?”

“ठेवा फ्रिजमध्ये. रविवारी पाव्हण्यांना होतील,” मी फटकन बोलले. बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं.

तेव्हापासून दूध काढायला फ्रिज उघडावा तर तो डबा समोर. श्रेया त्याला दह्याच्या पातेल्यामागं ढकलायची, हे परत पुढं ओढून ठेवायचे.

रविवारी नानासाहेब आणि त्यांची बायको आली. नानासाहेबांनी पोहे दुसऱ्यांदा घेतले. बाई स्वयंपाकघरात डोकावून माझ्या भांड्यांचं कौतुक करून गेल्या. श्रेया चहाचा ट्रे घेऊन आली तर तिचं मनगट हातानं जोखून म्हणाल्या, “सव्वादोन बसंल, नाय?” पोहे झाले, स्वयंपाकघर झालं, माप झालं. ह्यांच्या शास्त्राप्रमाणं काही म्हणजे काही शिल्लक राहिलं नाय.

“मग साहेबराव,” नानासाहेब म्हणाले, “आमच्याकडून व्हयच हाय. आता तुम्ही बोला.”

हे आयुष्यभर पाव्हण्यांकडं बघत आलेले, त्या दिवशी पोरीकडंच बघत बसले. ती उभी होती, ट्रे हातात होता, आणि ट्रेमधले कप किणकिण वाजत होते. अर्ध्या कानाच्या माणसाला ते ऐकू गेलं की दिसलं, देव जाणे. त्यांनी घसा खाकरला.

“नानासाहेब,” म्हणाले, “कळवतो.”

नानासाहेबांचा चमचा पोह्यातच राहिला. आडतीवर उभी हयात गेलेला माणूस, त्याला काय समजावून सांगायचं? त्यांनी एकवार ह्यांच्याकडं बघितलं, एकवार श्रेयाकडं, आणि म्हणाले, “बरं, बरं. निवांत कळवा.” चहा पूर्ण प्याले आणि मगच उठले. भला माणूस.

गाडी वळल्यावर श्रेयाला कंठ फुटला. “पप्पा, यादी तर उद्या हाय! नाव नसलं तर?”

“नसलं तर पुढल्या वर्षी परत जाऊ. चहा देईस्तोवर जाऊ.”

“आणि आपला सौदा?”

“सगळ्यांचे इशारे बघत बसलो पोरी,” हे म्हणाले, “तुझाच बघायचा राहिला व्हता.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, रडले मी. माझ्या बापाला त्या दिवशी हा एक शब्द सुचला असता तर? तर मी बी.ए. झाले असते. ह्या येड्या माणसाच्या घरात मात्र नसते, ते एक राहिलंच. तेवढ्यात मागं फ्रिज उघडल्याचा आवाज आला.

“अहो, ते उद्याला राहू द्या!”

“उद्याचं उद्या,” म्हणाले आणि पहिला पेढा माझ्याच तोंडात कोंबला.

सोमवारी यादी लागली. श्रेयाचं नाव होतं. शेजारची मोनिका पेढे मागायला आली, तेव्हा डब्यात नुसता कागद उरला होता.