जनसुनवाईतलं माझं 'हव'

जनसुनवाईत मी 'हव' म्हणालो. माझं सार्वजनिक जीवन तेवढंच.

राज्य नवं होतं, आमचं रायपूर राजधानी झालं होतं, आणि विजेचे दर ठरवण्याआधी लोकांना हॉलमध्ये बोलावून विचारायची पद्धत निघाली होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बायकोची पिठाची चक्की चालायची. अशा घरगुती चक्क्यांची वीजसवलत काढायचा प्रस्ताव होता. सवलत गेली की चक्की गेली, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"भाषण नका देऊ. फक्त नाही म्हणून या."

"मग तूच काहून नाही जात?"

"अन् गहू कोण दळणार? तुम्ही?"

हॉलमध्ये उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचे वकील बोलतच राहिले. माझे कान बधिर झाले. 'हव' म्हणजे छत्तीसगढीत 'हो'. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, समोरचा बोलत असला की मधूनमधून 'हव' म्हणत राहायचं असतं. ऐकून राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. माझा नंबर आला. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "तो भैया, छूट हटाने से आप सहमत हैं?"

"हव."

"धन्यवाद. अगला."

"नाही, म्हणजे..." मी मराठीतच सुरू झालो, तोवर माइक पुढच्याच्या हातात गेला होता. मागून कोणीतरी हसलं.

घरी आलो. चक्की थांबवून तिनं विचारलं, "बोलले?"

"हव."

"कोणतं हव?"

मी सांगितलं. तिनं पुन्हा चक्की सुरू केली.

पुढे सवलत गेली. तुझ्या एका शब्दानं काय होतं, असं शेजारी म्हणाले. मीही तेच म्हणत राहिलो. चक्की टेम्पोत चढली तेव्हा वाईट वाटेल म्हणून दारात उभा राहिलो. काहीच वाटलं नाही. जेवून आडवा झालो. इतकी वर्षं दुपारी अंगाखालची फरशी थरथरायची. त्या दिवशी ती गप्प होती, आणि झोप काही येईना.

उठून पुढच्या खोलीत गेलो. बायको ओल्या फडक्यानं भिंतीवरचं पीठ पुसत होती.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. मले पाहायला आले होते, तेव्हा बाबांनी विचारलं, पोट्टी पसंत आहे का? तेव्हाही तुम्ही असंच 'हव' म्हणाले होते." तिनं फडकं पिळलं. "ते कोणतं होतं, मी अजून विचारच करून राहिली."