नानांच्या गावच्या चिठ्ठ्या

जळगावहून निघालेली एसटी पारोळ्याला चहासाठी थांबली, तोवर माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. धुळ्याला गाडी बदलून शिंदखेडा गाठलं आणि तिथून रिक्षाने, बातमीसाठी, नानांचं गाव. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेली कपाशीची शेतं. माणूस क्वचितच दिसे.

नाना पक्षाचे जुने कार्यकर्ते. जिल्हा परिषदेचा उमेदवार ठरवायला पक्षाने तीन गावांतल्या सभासदांकडून चिठ्ठ्या घेतल्या होत्या. दोन गावांची मोजणी झाली होती. नाना दुसऱ्या इच्छुकापेक्षा इतके मागे होते, की तिसऱ्या गावातल्या सगळ्या चिठ्ठ्या मिळूनही निकाल बदलणार नव्हता. हे तिसरं गाव त्यांचं स्वतःचं. तिथल्या चिठ्ठ्या सकाळीच एका पत्र्याच्या डब्यात पडल्या होत्या. तालुकाध्यक्ष येऊन मोजेपर्यंत डबा नानांच्या मळ्यात खाटेवर होता.

मळ्यात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर वांगी भाजत होती. भरीत पन्नास माणसांचं, आम्ही सहा. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी वाढताना शेजारच्या अक्का, त्याही सभासद, म्हणाल्या, "नाना, आते कसाले थांबतस? बठ्ठा (सगळे) तिकडे गयात."

"अक्का, तू बी?"

"मी आठेच शे (इथंच आहे). भरीत सोडीसन कोठे जासू?"

सगळे हसले. नानांनीही हसून भाकरी मोडली.

जेवण उरकत असताना तालुकाध्यक्ष आले. "नाना, माघार घ्या. एकमताने नाव जाऊ द्या."

"घेतो. पण या चिठ्ठ्या मोजायच्या नाहीत."

"का? तुमचंच तर गाव."

"म्हणूनच. मला इथंच राहायचंय."

अध्यक्षांनी मान डोलावली. नानांनी माघारीच्या कागदावर सही केली, डब्याचं झाकण काढलं आणि आत न पाहता तो जाळावर उपडा केला. घडीच्या चिठ्ठ्या लगेच पेटल्या. अक्कांनी उरलेली वांगी बाजूला ओढली.

नाना मला रिक्षाच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत भेटलेला प्रत्येक जण "राम राम, नाना" म्हणाला. नानांनी प्रत्येकाला थांबून उत्तर दिलं. कोणाच्या चेहऱ्यात काही शोधलं नाही.

परतीच्या गाडीतही शेजार रिकामाच होता. मागे पडलेल्याने माघार कधी घ्यावी, हे आम्ही बातमीदार आकडे पाहून सांगत आलो. नानांना उद्या सकाळी गावातल्या त्याच वाटेने जायचं होतं.

पारोळ्याजवळ कार्यालयातून फोन आला. तिसऱ्या गावापुढे काय लिहायचं?

"मोजलं नाही," मी सांगितलं.