यंदा बर्फ लवकर वितळणार

आमच्या ह्यांना सुरतेत, पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये कुणी गणपत म्हणत नाही, बर्फवाला म्हणतात. बर्फ विकत नाहीत हो! सारा जन्म स्टेंटरवर गेला. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं कापड ताणून वाळवायचं लांबलचक मशीन. पोटात भट्टीची धग, आणि कापड बाहेर येतं ते तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं. त्या तोंडाशी हे उभे. मी लग्न होऊन परभणीकडून इथं आले तेव्हाही तिथंच, आजही तिथंच.

पण सुट्टीत चहाच्या लारीवरच्या टीव्हीत हवामान लागलं, की आमचा माणूस कप खाली ठेवतो. सुरत नको, परभणी नको, ह्यांना पाहिजे केलाँग! ते कुठं, तर हिमाचलात, पहाडांच्या पल्याड. ना कुणी सोयरा तिथं, ना धायरा. मिलमधली पोरं चिडवतात, "काय गणपतकाका, आज तुमच्या गावाला किती?" हे टेचात सांगतात, "रात्री शून्याच्या खाली गेलतं." जसं काय ह्यांच्या आज्याची तिथं वतनदारी!

"एकदा बर्फ हातात घ्यायचा, वत्सला. बास. मग काय मागणं नाही," हे ऐकतच मी म्हातारी झाले. मग गेले का नाहीत? कसे जाणार! वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिल बंद. आणि मे महिना म्हणजे गावाकडची लग्नं. यंदा पुतणीचं, पुढच्या वर्षी मावसभावाच्या पोराचं. मोठ्या भाऊजींचा फोन आला, की हे उभे राहून बोलणार, "हो दादा." झालं, निघालो परभणीला, आचाऱ्याच्या मागं मागं फिरायला.

यंदा एप्रिलात आमचा शुभम हजीऱ्याहून कामावरून आला तो मोबाईल नाचवतच. "पप्पा, जुओ ने, बघा ना! तुमच्या केलाँगची बातमी." हे पोर अर्धं गुजरातीच बोलतं. त्यानं वाचून दाखवलं: यंदा पहाडात उन्हाळा कडक, बर्फ दरवर्षीपेक्षा लवकर वितळणार, मे संपता संपता खालचे डोंगर उघडे पडणार.

अरे देवा! घरात कुणी आजारी पडावं तसं झालं. सकाळी उठले की केलाँग, जेवताना केलाँग. "आज दोन डिग्रीनं वाढलं गं!" मी म्हटलं, "अहो, इथं आपलं वांग्याचं भरीत व्हायलंय, पंखा गरम वारा फेकायलाय, आणि तुम्हाला पहाडाला ऊन लागायची काळजी?" तर म्हणतात कसे, "आपल्याला सवय हाय. त्याला कुठं हाय?"

मग एक दिवस शुभम ओरडला, "पप्पा! पुढच्या आठवड्यात वर परत बर्फ पडणार! शेवटचा. नंतर नुसतं ऊन." काय सांगू, हा बाप्या खाटेवरून उठून उभाच राहिला! मिलही त्याच वेळी बंद होणार होती. शुभमनं तिथल्या तिथं रेल्वेची तिकिटं बघायला घेतली. मलाही हुरूप आला. मी म्हटलं, माय, आता जातोच!

आणि तेवढ्यात वाजला फोन. पांडुरंग दादा, आमचे मोठे भाऊजी. जाऊबाईंच्या भाच्याचं लगीन, तारीख नेमकी त्याच आठवड्यातली. "गणप्या, मंडपाचं तुझ्याकडं." हे उभे राहिले आणि म्हणाले, "हो दादा."

दुसऱ्या दिवशी टीव्हीत हवामान लागलं, तर ह्यांनी चॅनेल बदललं. बदललं! मला आधी भडभडून आलं, आणि मग असा राग आला म्हणता. जाऊबाईंचा भाचा! त्याच्या लग्नात आमच्यावाचून काय अक्षता अडणार होत्या?

मी भाऊजींशी जन्मात समोर बोलले नाही. आमच्यात तशी रीतच नाही. पण हे मोरीत होते, मी फोन उचलला. डोक्यावर पदर घेतला. हो, फोनवर पण घेतला, हसा खुशाल! "दादा, मी वत्सला." आणि लगेच पुढचं: "लग्नाला ह्यांना यायला जमायचं नाही. ह्यांना बर्फ बघायचाय. यंदा तो लवकर जायलाय. तुमच्या शब्दाखातर दरसाल आले, पुढच्या साली परत येतील, पण ह्या खेपेला मी पाठवणार नाही." एका दमात बोलले.

दादा म्हणाले, "गणप्याला दे." हे साबण लावलेलेच बाहेर आले, कानाला फोन लावला, आणि दादांचा आवाज मला इकडं ऐकू आला, "अरे येड्या, तुझ्याकडं स्वेटर तरी हाय का?"

स्वेटर! सुरतेत? साऱ्या चाळीत शोधमोहीम निघाली. शेजारच्या धुरपदाबाई खानदेशी. आधी माझ्यावर ओरडल्या, "माय वं, येडी व्हयनी का तू?" आणि मग त्यांनीच पेटीच्या तळातून कानटोपी काढून दिली, डांबरगोळीच्या वासाची. कुणी मफलर दिला, कुणी रजई. रजई घेऊन कोण फिरतं? आम्ही घेतली! उधन्याच्या स्टेशनात गाडीत चढलो तेव्हा लोक बघत होते. बाहेर कावळा हाशहुश करत होता आणि ह्यांच्या डोक्यावर कानटोपी.

चंदीगडहून बस, बसमधून मनालीला. उतरलो तर तिथली माणसं अर्ध्या बाहीच्या शर्टात! ह्यांचा चेहरा उतरला. जीपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "इस साल गर्मी जल्दी आ गई, बाबूजी." पण पहाटे ढग दाटले. केलाँगकडं जाणाऱ्या बोगद्यातून पलीकडं निघालो, एक वळण घेतलं, आणि मी किंचाळलेच. पांढरं! डोंगर पांढरा, रस्त्याची कड पांढरी, नुसतं लखलखीत पांढरं! जीप थांबायच्या आधी हे उतरले, धडपडले, उठले, गुडघ्यांवर बसले आणि बर्फानं ओंजळ भरून घेतली. शुभम व्हिडिओ काढत होता. मला रडू आणि हसू एकदमच.

आणि हे नुसते बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. लहान पोरासारखं तोंड झालं होतं.

"वत्सला, गार लागंना गं."

मी हात धरले. बर्फ पाझरून मनगटावरून ओघळ चालला होता आणि तळवे चामड्यासारखे राठ, जाड. गरम कापड झेलून झेलून त्यांना गार-गरम काही कळायचंच उरलं नव्हतं. आयुष्यभर साहेबांचं कापड वाळवलं, आणि हातांची ही गत! शुभमनं मोबाईल खाली केला. पण रडत बसायला आले होते का मी तिथवर?

बर्फाचा मोठा गोळा उचलला, ह्यांची कॉलर मागून ओढली आणि घातला पाठीत!

"आई गं! मेलो!" असे उड्या मारायला लागले की बस! जीपवाला हसून हसून खाली बसला. कानटोपी कुठल्या कुठं गेली. दात वाजायलेत, डोळ्यांतून पाणी, आणि मान वाकवून माझ्यापुढं उभे.

"अजून," म्हणाले. "अजून टाक."

मी टाकत राहिले.