ती आली, मराठीत बोला

सोलापुरात ज्या घरी राहून मी दहावी दिली, त्या घरात तीन भाषा होत्या. काका आणि त्यांची आई आपसात तेलुगू बोलायचे. त्यांच्या पिढ्या हातमागावर गेलेल्या. काकू अक्कलकोटकडच्या, माहेर कन्नड. दोघांचं लग्न आपल्या मनानं झालेलं. एरवी ते मराठीत बोलायचे, पण भांडण लागलं की काका तेलुगूत चिडायचे, काकू कन्नडमध्ये, आणि समोरच्या घरातल्या चाची येऊन दोघांना दखनीत समजवायच्या. माझ्याशी मात्र सगळे मराठीतच बोलायचे. नातेपुत्याकडची मेंढपाळाची पोर, हिला दुसरं काय येणार?

मी सातवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, दिवाळीनंतर मेंढरं निघाली की शाळा मागं राहायची, आणि एका वर्षी परत गेले तेव्हा माझ्याबरोबरच्या पोरी पुढं निघून गेल्या होत्या. मास्तरांनी विचारलं नाही, मीही आत गेले नाही. आमची मेंढरं दरसाल काकूंच्या भावाच्या रानात खतासाठी बसायची. त्या मामांनीच वडिलांना सुचवलं, "पोरगी हुशार हाय. सोलापूरला माझ्या बहिणीकडं ठेवा. घरात हातभार लावील आन बाहेरून दहावीला बसंल." दहावी झाली तर दवाखान्यातल्या कामाचं शिक्षण घेता येणार होतं. वडील मला पोहोचवायला आले, पण चपला काढून आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच काकूंना म्हणाले, "एक वर्ष ठिवतो, ताई. यंदा झाली तर झाली, न्हाईतर लगीन."

"होईल की, न व्हायला काय झालं?" काकू म्हणाल्या.

वडील गेले. मी पिशवी कुठं ठेवू म्हणून उभी होते, तेवढ्यात काकूंनी फोनवर पुण्याच्या लेकीला सांगितलं, माझ्यासमोरच, कन्नडमध्ये, की पोर गरीब दिसते पण अंगाला मेंढरांचा वास येतो, अंथरूण लांबच घालते. फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "दमलीस की गं पोरी. पाणी तापवलंय, आंघोळ कर जा."

मला सगळं कळलं होतं. मामांच्या रानातल्या पोरांबरोबर खेळत मी मोठी झाले. कन्नड मला मराठीइतकीच येत होती. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्या क्षणी बोलले असते तर काकूंचं तोंड उतरलं असतं, आणि ज्यांनी मला घरात घेतलं त्यांना पहिल्याच दिवशी ओशाळवायची माझी छाती नव्हती. पाणी चांगलं कढत होतं. मी अंग लाल होईस्तोवर घासलं.

पुढं सांगायची वेळ निघून गेली. आज सांगावं तर, काल का नाही सांगितलंस? काकूंच्या कन्नडमध्ये मी कधी गुणाची होते, कधी खादाड. एक भाकरी कमी खाऊ लागले, तर "अंगाला लागंना पोरीच्या" म्हणून काकूंनी मराठीत काळजी केली. ती काळजीही खोटी नव्हती. मला ताप आला तेव्हा टॉवेल शिवायचं काम बाजूला ठेवून त्या कपाळावर पट्ट्या बदलत बसल्या होत्या. दिवाळीला लेकीला घेतलं त्याच कापडाचा ड्रेस मला शिवला. काकांनी गणितासाठी शेजारच्या गल्लीतल्या बाईंकडं शब्द टाकला. हे उपकार मी विसरणार नाही, आणि विसरता येत नाहीत म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

संक्रांत झाली होती. काकूंच्या लेकीला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सोलापूरला, ऐन माझ्या परीक्षेच्या महिन्यात. मी उखळात शेंगाची चटणी कुटत होते. काकू फोन मोठ्या आवाजावर ठेवून लसूण सोलत होत्या. कन्नडमध्येच चाललं होतं.

लेक म्हणाली, "तिची परीक्षा आहे ना गं आई तेव्हा?"

"पुढच्या वर्षी देईल. मी दादाला सांगते, तिच्या बापाच्या कानावर घाल म्हणून, पोरीची तयारी नाही झाली."

"मग तिचं लग्न लावतील की."

"लावू दे. कधीतरी लागणारच आहे. तुझं पार पडलं म्हणजे झालं. बाळाला न्हाऊ-माखू घालायला हात हवाय मला."

लेक डिंकाच्या लाडवांबद्दल विचारू लागली.

मी कुटत राहिले. फोन ठेवल्यावर काकू हसून मला म्हणाल्या, मराठीत, "ताई विचारत होती गं, अभ्यास कसा चाललाय तुझा म्हणून."

हे नसत्या बोलल्या तर कदाचित मी तेही गिळलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ननगं कन्नडा बर्तद री, काकू." मला कन्नड येतं.

काकूंनी आधी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. तुमच्या दादांच्या रानातच शिकले की."

"आन वर्षभर आमच्या घरात कान लावून बसलीस व्हय?"

"मला परीक्षेला बसू द्या काकू. बाळाचं सगळं करीन मी, पेपर देऊन येऊन करीन."

"कोण अडवतंय तुला?" त्या लसणाची ताटली घेऊन उठल्या. "घरातली समजत होतो आमी तुला."

संध्याकाळी काकांनी समजूत काढल्यासारखं सुनावलं, "हे बरं न्हाई केलंस बाळा. माणसं आपल्या घरात काहीही बोलतात." त्यांची आई तेलुगूत विचारत राहिली, काय झालं, काय झालं. तिला कुणीच काही सांगितलं नाही.

मामांना निरोप गेला नाही. मी परीक्षेला बसले. पहिल्या पेपरला काकूंनी हातावर दही-साखर ठेवली, "नीट लिही" म्हणाल्या. पण त्या फोनच्या दिवसापासून माझ्यासमोर त्या घरात कन्नड बंद झालं. मी जिन्यात असले की वरून काकांचा दबका आवाज यायचा, "ती आली, मराठीत बोला." लेक बाळंतपणाला आली, तीही आईशी मराठीत बोलायची, सवय नसल्यानं अडखळत. कळा येत होत्या तेव्हासुद्धा तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले.

मुलगी झाली. कबूल केल्याप्रमाणे मी पेपर देऊन यायची आणि तिला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. शेवटच्या पेपरानंतर घरी आले तेव्हा काकू बाळाला मांडीवर घेऊन कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होत्या. मामांच्या घरी बायका म्हणायच्या तेच. मलाही पाठ होतं. मी दारात दिसले तशा त्या थांबल्या. बाळ रडायला लागलं.

"ये की," मला म्हणाल्या. "बस. चहा घेणार का तुमी?"

वर्षभर मी त्यांच्या तोंडी 'तू' होते.

आता मी लांब दुसऱ्या शहरात शिकते. दहावी पास झाले म्हणून. पेढे द्यायला गेले होते त्या घरी; काकूंनी देवापुढं ठेवले, मला बशीत पोहे दिले. पाणी प्यायला मी सवयीनं स्वयंपाकघरात निघाले, तर त्या लगबगीनं उठल्या आणि म्हणाल्या, "बसा, बसा. मी आणते."