उजवा हात जड

आमचे हे गाडी शिकवतात. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, टेलिफोन आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एवढंच आमचं ड्रायव्हिंग स्कूल. बाहेर एक जुनी पांढरी गाडी, तिला यांच्या पायाशी एक जादा ब्रेक. टेलिफोन उचलणं, वेळा ठरवणं आणि रडवेल्या शिकाऊंना पाणी देणं माझ्याकडे. शिकवणं यांच्याकडे. सगळं गाव यांना मास्तर म्हणतं, आणि हेही मास्तरच असतात, जेवतानासुद्धा.

शिकवतात मात्र छान. ओरडणं नाही, टोमणे नाहीत. डावीकडच्या सीटवर हाताची घडी घालून बसायचं आणि अधूनमधून एकच वाक्य म्हणायचं, "उजवा हात जड ठेवा." स्टिअरिंगवर डावा हात नुसता टेकवायचा, उजव्याने जरासा खाली दाब द्यायचा, की गाडी सुतासारखी सरळ जाते. लोकांना वाटायचं, ही मास्तरांची खास विद्या. मलाही यांनीच शिकवलं, लग्न झाल्या झाल्या, याच गाडीवर. तेव्हापासून मी एकच नवरा आणि एकच गाडी हाकत आलेय. तुलना कशाशी करणार?

पूर्वी लायसन्सची परीक्षा आपापल्या स्कूलच्या गाडीतून व्हायची. हे मागच्या सीटवर बसायचे, शिकाऊ पुढे, आणि सगळे पास. मग आरटीओ ऑफिसने नियम बदलला. परीक्षा ऑफिसच्याच गाडीतून, मास्तरांनी फाटकाबाहेर उभं राहायचं. आणि आमची मुलं धडाधड नापास व्हायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच, मैदानातल्या पांढऱ्या रेषेच्या उजवीकडे गाडी जाते.

यांनी ते फार मनाला लावून घेतलं. आधी नियमाला नावं ठेवली, मग परीक्षकाला, मग आजकालच्या मुलांना. शेवटी एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मला आता शिकवता येत नाही बहुतेक." मी हसण्यावारी नेलं, पण मनात विचार आलाच. या माणसाकडून गाडी शिकवणं काढून घेतलं तर बाकी उरतं काय? मिशी आणि वर्तमानपत्र.

त्यात नर्सबाई आली. हॉस्पिटलातली नर्स, चुणचुणीत पोरगी. घरोघरी जाऊन पेशंट बघायचं नवं काम तिला मिळत होतं. गाडी हॉस्पिटलची, चालवायची हिने. अट एकच, लायसन्स. पहिल्यांदा उजवीकडे गेली, नापास. दुसऱ्यांदा उजवीकडे गेली, नापास. आता तिसरी आणि शेवटची संधी, तीही पुढच्याच आठवड्यात. त्यात नाही जमलं तर ते काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

"काकू, सरावाला भावाची गाडी आणलीये, तुम्ही बसता का शेजारी?" तिने विचारलं. हे दुसऱ्या शिकाऊबरोबर गेले होते, म्हणून मी बसले. गोदामांच्या मागचा रस्ता रिकामाच असतो. नर्सबाईने गिअर टाकला, उजवा हात जड केला, आणि गाडी निघाली थेट उजवीकडच्या गटाराकडे.

"अगं सरळ!"

"सरळच तर धरलंय काकू."

मी म्हटलं, सरक बाजूला, दाखवते तुला. एवढ्या वर्षांचा माझा हात. मी बसले, हात जड केला, आणि त्याच गटाराकडे निघाले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग सहज हात सैल सोडला, तर गाडी आपली गुमान सरळ चालायला लागली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोट मुलांत नव्हती आणि मास्तरांतही नव्हती. आमची गाडीच डावीकडे ओढत होती, आणि तिला सरळ ठेवायला यांनी सगळ्या गावाचा उजवा हात जड करून ठेवला होता. स्वतःची गाडी घेतली की माणसाचा हात चार-आठ दिवसांत आपोआप हलका होत असेल. परीक्षेत तेवढे दिवस कोण देतो?

नर्सबाईला मी तेव्हा काही बोलले नाही. आधी यांना सांगायला हवं होतं. सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "गाडी ओढत नाही. रस्त्यालाच कडेकडे उतार असतो, पाणी वाहून जायला."

यांचं ज्ञान नको तिथे पक्कं असतं. मी यांना सुट्टीच्या दिवशी बाजाराच्या पटांगणात नेलं. सपाट सिमेंट, चिटपाखरू नाही. म्हटलं, सोडा स्टिअरिंग. सोडलं. गाडी सावकाश डावीकडे वळली.

"इथेही उतार दिसतोय."

मग उलट्या दिशेने या म्हटलं. उतार असता तर आता उजवीकडे जायला हवी होती. तरीही डावीकडेच गेली.

"वारा आहे."

समोरच्या दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता, तो जागचा हलत नव्हता. हे टॉवेलाकडे बघत राहिले. यांचा चेहरा एवढासा झाला, आणि मला माझ्या जिंकण्याचा जराही आनंद झाला नाही.

गॅरेजचा मिस्त्री बडबड्या. त्याने टायरमधली हवा बघितली, ती बरोबर. पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करून चक्कर मारली, गाडी डावीकडेच. मग ती जॅकवर चढवून चाक फिरवलं, ते मोकळं फिरलं, म्हणजे ब्रेकही अडकत नव्हता. शेवटी खाली शिरला आणि आतून ओरडला, "हा बघा, डाव्या चाकाला धरून ठेवणारा दांडा, हा आर्मच वाकलाय. जुना मार आहे. घेतलीत तेव्हापासून वाकडी असणार ही, मास्तर. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

मास्तरांनी नुसतं "बदला" म्हटलं. नवा आर्म बसला, चाकांचं अलाइनमेंट झालं आणि आम्ही घरी निघालो. हे स्टिअरिंगवर, उजवा हात सवयीने जड. पहिल्याच वळणानंतर गाडी समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या अंगावर. तो ब्रेक लावून म्हणाला, "काका, आधी गाडी शिकून घ्या." मला इतकं हसू आलं की मी खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी आल्यावर हे टेबलाशी बसले. मग म्हणाले, "नर्सबाईला फोन कर. सांग, मास्तरांनी नवी पद्धत काढलीये, एकदा येऊन जा."

"नवी पद्धत?"

"मग काय सांगणार? गावात छी-थू होईल. कोण येईल परत शिकायला?"

"ती पोरगी स्वतःला कमी समजत बसलीये, आणि तुम्हाला तुमच्या नावाची पडलीये," मी म्हटलं. "हा फोन मी लावणार नाही." इतक्या वर्षांत टेलिफोनला मी पहिल्यांदा नाही म्हटलं. यांनी माझ्याकडे बघितलं, टेलिफोनकडे बघितलं आणि उठून चपला घातल्या.

नर्सबाई पुढे पास झाली, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. अवघड होतं ते हेच, चपला घालून हॉस्पिटलपर्यंत जाणं. मीही मागोमाग गेले.

बाहेरची बाकं पेशंटनी भरलेली, त्यांतले निम्मे आमच्याच हाताखालून गेलेले. नर्सबाई कुणाचं तरी ब्लडप्रेशर बघत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

"मास्तर, मी आज हॉस्पिटलच्या ऑफिसात सांगणार आहे, मला ते काम नको. गाडी माझ्या हातची नाही. मान्य केलंय मी."

हे तिला बाजूला नेऊ शकत होते. मला वाटलं, नेतील. पण हे तिथेच, सगळ्या बाकांसमोर, शिकवतानाच्या आवाजात बोलले. "गाडी तुम्हाला येते. माझी गाडी वाकडी होती, आणि तिचा वाकडेपणा मी तुम्हाला विद्या म्हणून शिकवला. चूक माझी."

संसार सुरू झाल्यापासून हे शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यातले एक गृहस्थ, दोनदा नापास होऊन घरी बसलेले, हळूच म्हणाले, "म्हणजे मास्तर, माझंही तेच?"

"तुमचंही तेच."

नर्सबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चिडलेला होता. "मी रोज आरशात बघून स्वतःला मठ्ठ म्हणत होते, मास्तर. रोज."

यांनी मान खाली घातली. तिने हातातला पट्टा गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मग उद्या किती वाजता येऊ?"

वेळा ठरवणं माझ्याकडे. म्हणून मीच म्हटलं, "सात वाजता ये."