मत नसलेले रशीदभाई

कुठल्याही मंडळाचं सचिवपद दहा-बारा वर्षं सांभाळलं की इतिवृत्तात लिहिता येतं त्यापेक्षा न येणारंच जास्त साठतं. इतिवृत्त मी दर मीटिंगला वाचून कायम करून घेतलं. उरलेलं असं गप्पांत बाहेर पडतं, आणि लोकांनाही तेच ऐकायचं असतं!

आमचं मंडळ चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वनस्पती अभ्यासकांचं. कॉलेजात बॉटनी शिकवणारे आम्ही काही जण आणि दोन-चार फॉरेस्टवाले. नव्वदच्या सुरुवातीला पहिली मीटिंग झाली, तेव्हा पेन फक्त माझ्याकडे होतं. म्हणून मी सचिव झाले. अध्यक्ष वासेकर सर, निवृत्त प्राचार्य. मंडळाची घटना त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. चष्मा घरी राहिला तर ते घटना दुसऱ्याकडून वाचून घेत, पण ती घरी राहिली असं कधी झालं नाही.

*

मूलचे रशीदभाई लाकडाचे व्यापारी. बाजारात त्यांची वखार. कुठलंही लाकूड हातात द्या, चाकूनं जरासं तासणार, थुंकी लावणार, वास घेणार आणि नाव सांगणार. आमच्यातले डॉक्टरेटवाले सूक्ष्मदर्शकाखाली काप ठेवून दोन दिवसांनी त्याच नावापर्यंत यायचे.

पण घटनेच्या चौथ्या कलमात सदस्याला विज्ञानाची पदवी लागायची, आणि रशीदभाईंची गाडी मॅट्रिकलाच अडली होती. म्हणून ते सहयोगी सदस्य. सहयोगी सदस्याला चहा होता, मत नव्हतं. रिकामे आहेत म्हणून मतदानाच्या वेळी हात मोजायचं काम वासेकर सरांनी त्यांच्याकडेच दिलं!

एकदा चहा घेताना ते मला म्हणाले, "बाई, इतके वर्षं दुसऱ्याचे हात मोजून राह्यलो. एकडाव आपला बी मोजावा वाटते."

हसत म्हणाले, पण मला ते लागलं. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला पूर्ण सदस्य केल्याशिवाय सचिवपद सोडायचं नाही.

*

एकदा मीटिंग गडचिरोलीला होती. चंद्रपूरहून आम्ही एस.टी.नं निघालो, रशीदभाई मूलला चढले आणि सावलीच्या अलीकडे गाडी बंद पडली. नोटिशीत वेळ तीनची. वासेकर सरांनी घड्याळ पाहिलं, आम्हाला मोजलं आणि म्हणाले, "कोरम आहे. जागा बदलली तर चालतं, वेळ बदलता येत नाही."

बसमध्येच सभा सुरू झाली. अभ्यास-सहल हेमलकशाकडे न्यावी असा ठराव मी मांडला. हात वर झाले. रशीदभाईंनी मोजले आणि सांगितलं, "आठ."

"आठ कसे? सदस्य सहा आहेत."

"मांगच्या सीटवरची म्हातारी अन् तिची सून बी हो म्हणून राह्यली, सर."

सरांनी मागे वळून त्या दोघींना कलम समजावून सांगितलं. म्हातारीनं हात खाली घेतला. सुनेनं नाही घेतला.

*

नागपूरहून एक मोठे शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले होते. आयुष्यभर शेवाळावर काम केलेला माणूस. जाताना कॉलेजच्या आवारातल्या ऐनाच्या झाडावर थाप मारून ते विद्यार्थ्यांना म्हणाले, "हा अर्जुन. नीट बघून ठेवा."

आम्ही सगळे बॉटनीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पाहुण्यांना गाडीत बसवल्यावर मी रशीदभाईंवर चिडले, "तुम्ही तरी बोलायचं होतं."

"काऊन बोलाव, बाई? पावने गेले. झाड कुठी जाते? ते अजून ऐनच हाय."

*

शेवटी चौथं कलम बदलण्याचा प्रस्ताव मी आणला. वासेकर सर म्हणाले, "आज रशीदभाई, उद्या कोणीही." मी म्हणाले, "सर, कोणीही म्हणजे कोण ते एक नाव सांगा." त्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी समिती नेमली.

समितीत तिघं. पहिल्या बैठकीला दोघं आले, दुसरीला एकच आला आणि त्यानं स्वतःला सूचक-अनुमोदक करून बैठक तहकूब केली! असं करत दोन वर्षं गेली. गडचिरोलीचे डॉ. मुनघाटे समितीत आले, तेव्हा कुठे मसुदा झाला: पदवी नसेल तर दहा लाकडांची परीक्षा. नमुने ओळखायचे आणि ओळखण्याचं कारण लिहायचं.

मला संताप आला. ज्या माणसाला विचारून आपण लेबलं लावतो, त्याची परीक्षा? रशीदभाई मात्र खूश झाले. कॉलेजच्या लायब्ररीतून लाकडाच्या रचनेवरचं पुस्तक घेऊन गेले. महिन्याभरानं भेटले तर म्हणाले, "मले नाव मालूम राहे, कारन मालूम नव्हतं. या पुस्तकात समदं कारन लिहून हाय. बायको धडा घेते रोज."

*

परीक्षेच्या दिवशी रशीदभाई इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या तासभर आधी आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर पुस्तक उघडून बसले. आत आम्ही वार्षिक सभेला जमलो होतो. उत्तरांचं पाकीट सभेसमोर फोडायचं ठरलं होतं.

आमच्याकडे एक पद्धत होती. कुठलाही नमुना वापरण्याआधी तो तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा. त्याप्रमाणे परीक्षेच्या काही दिवस आधी मुनघाट्यांनी आलापल्लीच्या जंगलातून दहा तुकडे आणले, कापडात बांधले, वर लाख लावली. सोबत छापील फॉर्म: परीक्षेचं नाव, उमेदवाराचं नाव, नमुन्यांची नावं, परीक्षकाची सही. वरची दोन नावं मी भरली, वासेकर सरांनी पाठवणीची सही केली आणि शिपायानं नेहमीप्रमाणे पुडकं तज्ज्ञाकडे पाठवलं. आठवड्यात ते बंद पाकिटासह परत आलं. मी कपाटात ठेवलं.

आता सभेत सरांनी ते पाकीट फोडलं. नमुन्यांच्या नावांचे दहाही रकाने कोरे होते. खाली रशीदभाईंच्या अक्षरात चार ओळी होत्या. सरांनी त्या मोठ्यानं वाचल्या:

"पुडकं उघडलं नाही, लाख पाहून घ्यावी. उमेदवार माझ्या ओळखीचा आहे. नियमाप्रमाणे परीक्षकाने ओळखीच्या उमेदवाराचे नमुने तपासू नये. तरी कृपा करून दुसऱ्या तज्ज्ञाला पाठवावे."

मुनघाट्यांनी पुडकं हातात घेतलं. लाख जशीच्या तशी होती. नाव भरताना, सही करताना आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. लाकडाचं पुडकं मूलच्या वखारीतच जायचं, इतकी वर्षं तिथेच जात होतं. मला शरमेनं मान वर करवेना.

"दुसरा तज्ज्ञ कोण?" सरांनी विचारलं.

मुनघाटे हळूच म्हणाले, "सर, यातल्या दोन तुकड्यांबद्दल मलाच शंका आहे. म्हटलं, उत्तरं आली की कळेल."

सरांनी खिशातून घटना काढली, चाळली, परत ठेवली. मग मला म्हणाले, "बाई, ठराव लिहा. लाकडाची परीक्षा घेण्यास पात्र सदस्य मंडळात नाही. सबब, श्री. रशीद यांना आजपासून पूर्ण सदस्य करून परीक्षक नेमण्यात येत आहे."

सगळे हात वर गेले. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोजले.

सर स्वतः व्हरांड्यात गेले. मीही मागोमाग गेले. रशीदभाई पुस्तक मिटून उभे राहिले, तर सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ठराव शब्दन् शब्द सांगितला.

रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातली पेन्सिल काढली, टोक बघितलं आणि म्हणाले, "थे ठीक हाय, सर. पन मंग माझी परीक्षा कोन घेईन?"