फाटकाला बांधलेले गोऱ्हे

कासुर्डीजवळ ज्या संस्थेत मी टाकून दिलेली जनावरं सांभाळते, ती बंद करावी म्हणून आमच्याच भावकीतल्या आप्पांनी दौंडच्या कोर्टात दावा लावला. म्हणे, वास येतो. संस्थेचे वकील फी न घेता लढत होते आणि त्यांना माझी साक्ष हवी होती.

कोर्टाच्या दारात आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "फुकटचा वकील आन् मुकी साक्षीदार! हिला घरात तरी तोंड हाय का?"

लोक हसले. मला रडू येत होतं आणि चीडही.

आत वकिलांनी विचारलं, "ही जनावरं येतात कुठून?"

"गावातनंच," मी खाली बघत म्हणाले. "जर्सीचा गोऱ्हा दूध देत न्हाई, म्हणून लोक आमच्या फाटकाला बांधून जातात. दोन तर आप्पांनीच बांधलेत. मी बघितलंय."

आप्पा ओरडले, "भावकीतली हायेस का वैरीण?"

जज्जसाहेबांनी त्यांना गप्प केलं आणि निकाल लागेपर्यंत संस्था चालू राहील असं सांगितलं.

परतीच्या एसटीत आप्पांच्या बायकोशेजारी जागा होती. मला पाहून त्यांनी तिथं पिशवी ठेवली. मी उतरेपर्यंत उभीच राहिले.